मी थांबवलेला पाऊस

सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली की अमरावतीत घरात बसूनही कळतं. बाजार समितीकडे पोत्यांनी लादलेल्या गाड्यांची रांग लागते, हवेत मळणीचा पिवळट भुसा तरंगत राहतो आणि दोरीवरचे कपडे काढताना बोटांना बारीक कुसळं टोचतात. आमच्या कॉलनीतली माणसं दोन-तीन आठवडे शिंकत असतात. माझं वेगळंच असतं. मी सारखी गच्चीवर जाते आणि पश्चिमेकडे, भातकुलीच्या बाजूला बघत उभी राहते. आभाळ काळवंडलंय का, एवढंच बघायचं असतं. खालून नवरा हाक मारतो, "काय दिसतंय?" मी म्हणते, "काही नाही." कधीकधी खरंच काही नसतं.

हे दिवस मला एके काळी फार आवडायचे. माझं माहेर अकोल्याचं. दसरा झाला की आम्ही काकांच्या शेतावर जायचो. कपाशीची बोंडं नुकती फुटलेली असायची. पहिल्या वेच्याआधी काकू धुऱ्यापाशी, म्हणजे शेताच्या बांधावर, सीतादहीची पूजा करायची. दहीभात, हळदकुंकू, पाच खडे. मग ओटी बांधून पहिला कापूस वेचायची, आणि तो माझ्या गालाला लावायची. कोवळ्या उन्हात तापलेला कापूस गालाला कसा लागतो, ते मला आजही सांगता येणार नाही, पण आठवतं. आभाळ धुतल्यासारखं निळं असायचं. ऑक्टोबरचं आभाळ निळंच असतं, असं त्या वयात मनात पक्कं बसलं. पुढे शिकले, संख्याशास्त्राची प्राध्यापक झाले, मुलांना सांगू लागले की आठवणीवर भरवसा ठेवू नका, नोंदी बघा. ते निळं आभाळ मात्र माझ्या डोक्यातून कुणी काढलं नाही.

काही वर्षांपूर्वी एका सेवाभावी संस्थेची माणसं आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आली. त्यांचे खेड्यांतून छोटे दवाखाने होते, अमरावतीत एक मोठं रुग्णालय होतं, दोन रुग्णवाहिका होत्या. त्यांची अडचण साधी होती. सर्पदंशावरच्या औषधाच्या कुप्या छोट्या दवाखान्यांत पडून राहायच्या, मुदत संपून फेकाव्या लागायच्या. आणि मोठ्या रुग्णालयात ऐन हंगामात नेमक्या कमी पडायच्या. कुठे किती कुप्या ठेवाव्यात, गाड्या कुठे उभ्या कराव्यात, हे कुणीतरी हिशेबाने सांगावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी लगेच हो म्हटलं. हे माझंच काम होतं. संगणकात एक खोटा तालुका तयार करायचा. त्यात गावं, रस्ते, दवाखाने, गाड्या. मग त्या तालुक्यात हंगाम सुरू करायचा. आज कुणाला, कुठे, किती वाजता साप चावेल, ते यंत्र फासे टाकून ठरवतं. माणूस निघतो, दवाखान्यात पोचतो किंवा पोचत नाही. एका दुपारी असे शेकडो हंगाम बघून होतात. आणि मग कुप्या इकडून तिकडे, गाडी या चौकातून त्या चौकात, असं करत करत यंत्र शोधून काढतं की कशा मांडणीत सगळ्यात कमी माणसं दगावतात. याला सिम्युलेशन म्हणतात, ऑप्टिमायझेशन म्हणतात. मी वर्गात ते शिकवताना माझा आवाज चढायचा. मुलांना वाटायचं, मॅडमला यात काहीतरी देव दिसतो.

भातकुलीच्या पुढच्या एका गावात संस्थेचा दवाखाना होता. तिथल्या सिस्टर निर्मलाताई मला पहिल्यांदा मे महिन्यात भेटल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, पांढऱ्या साडीवर निळं स्वेटर. मे महिन्यात स्वेटर! "सवय हाय," त्या म्हणाल्या, "त्याच्या खिशात थर्मामीटर राह्यते." त्यांनी कितीतरी वर्षांच्या नोंदवह्या माझ्यापुढे ठेवल्या. कोण आलं, कुठून आलं, किती वाजता चावलं, किती वाजता पोचलं. अक्षर असं की छापल्यासारखं. माझ्या विद्यार्थ्यांना मी पुढे ती पानं दाखवायची.

"या सगळ्या वह्या तुम्ही लिहिल्या?"

"मंग? डॉक्टर तं बदलतच राह्यतेत. मी इथंच हाय."

त्यांच्या मिस्टरांचं, नामदेवरावांचं, शेत गावापासून लांब होतं. लोक शेतातून दवाखान्यापर्यंत कसे येतात, ते मला बघायचं होतं, म्हणून ते मला पांदणीने शेतावर घेऊन गेले. पांदण म्हणजे शेताकडे जाणारी कच्ची वाट, दोन्हीकडे बाभळी, मधे काळी माती. मे महिन्यात ती माती भाजलेल्या विटेसारखी टणक झाली होती, भेगांत बूट अडकत होता. मी हातातल्या घड्याळावर वेळ मोजत चालले होते. नामदेवराव उंच, वाकलेले, हसरे. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, रस्ता मोजून राह्यल्या का मले मोजून राह्यल्या?"

"रस्ता."

"मंग पाण्यात या एखाद डाव. आता काय, आता तं हा हायवे हाय."

शेतात निंबाखाली बसलो. तो सगळा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यांनी घरून आणलेल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कॅनमधलं पाणी आधी मला दिलं, मग स्वतः प्याले, आणि उरलेलं बैलांना दाखवत म्हणाले, "तुमी खारंच प्या बापहो, तुमाले सवय हाय." मी हसले. त्या दिवशी मला त्या माणसाबद्दल एवढंच कळलं, आणि ते पुष्कळ होतं.

परत आल्यावर निर्मलाताईंनी चहा केला. मी वही मिटत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू का? मले ना दसऱ्याच्या पावसाचं भेव वाटते. लोकाइले वाटते पाऊस गेला. सोयाबीन सोंगून वावरात पडलं राह्यते, अन् मंग तो येते. त्या टायमाले पांदण पाहा तुमी. माणूस रुतते."

मी वहीच्या समासात लिहिलं: परतीचा पाऊस, पांदण. खाली दोन रेघा मारल्या.

ती वही माझ्याकडे आहे. दोन रेघा आहेत.

जून-जुलैमध्ये मॉडेल उभं राहिलं. पावसाळ्यात रस्ते मंदावतात, हे मी त्यात घातलं होतं. नाल्याला पूर येतो, हेही. पण पाऊस कधीपासून कधीपर्यंत, हे यंत्राला सांगावं लागतं, आणि मी सरकारी पावसाळा धरला. तीस सप्टेंबरला माझ्या तालुक्यातला पाऊस थांबायचा. एक ऑक्टोबरला सगळे रस्ते कोरडे, पांदण मे महिन्यासारखी टणक, आभाळ निळं. परतीच्या पावसाच्या नोंदी वेगळ्या मागवाव्या लागणार होत्या. अहवाल ऑगस्टमध्ये द्यायचा होता. नंतर घालू, असं मी म्हटलं. हे मी कुणाला म्हटलं नाही, स्वतःशीच म्हटलं, आणि दुसऱ्या कामाला लागले. तेव्हा मला जराही टोचलं नाही. मी पुष्कळ आठवून बघितलं, खरंच टोचलं नव्हतं.

उत्तर स्वच्छ आलं. छोट्या दवाखान्यांतल्या कुप्या काढून मोठ्या रुग्णालयात एकत्र ठेवायच्या, एक गाडी शहरातून हलवून भातकुलीकडच्या चौफुलीवर उभी करायची. माणूस छोट्या दवाखान्यात येईपर्यंत गाडी तिथे पोचते, आणि पुढे त्याला घेऊन जाते. खोट्या तालुक्यात माणसं आधीपेक्षा कमी मरत होती. मी ते पुन्हा पुन्हा चालवून बघितलं. प्रत्येक वेळी कमी.

ऑगस्टमध्ये अमरावतीत सगळ्यांना बोलावून मी नकाशे दाखवले. सिस्टर मागच्या रांगेत होत्या. बोलून झाल्यावर निर्मलाताई उभ्या राहिल्या.

"म्हंजे आमच्या इथल्या कुप्या तुमी नेऊन राह्यले."

"हो ताई. पण गाडी आता जवळ असेल."

"अन् गाडी नाई आली तं?"

"येईल. सगळ्या शक्यता धरून बघितल्यात. सरासरी वेळ आधीपेक्षा कमी लागतो."

त्यांनी नकाशावर आपलं गाव शोधलं. मग म्हणाल्या, "तुमी एवढा हिसाब केला हाय म्हणता, तं बराबरच असन." आणि खाली बसल्या.

मी त्या वाक्याने सुखावले होते. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं की ज्या सिस्टरचा विरोध होईल असं वाटत होतं, त्यांनाच पटलं. सप्टेंबरच्या शेवटी निर्मलाताईंनी स्वतःच्या हाताने कुप्या मोजून खोक्यात भरल्या आणि सही करून दिल्या.

त्या वर्षी दसरा झाल्यावर पाऊस आला. अमरावतीत दुपारी एकदम अंधारून आलं, कॉलेजात वर्गातले दिवे लावावे लागले. मी पेपर तपासत होते. खिडकीतून ओल्या मातीचा वास आला आणि मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. फोन वाजला तेव्हा चार वाजून गेले होते. दवाखान्यातले डॉक्टर होते.

"मॅडम, निर्मला सिस्टरचे मिस्टर गेले. नाग चावला."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं; काही डॉक्टरांकडून, काही गाडीच्या ड्रायव्हरकडून. शेतात सोंगलेल्या सोयाबीनची गंजी रचलेली होती. आदल्या रात्री तिकडे जोरात पडून गेलेला पाऊस पुन्हा दिसला म्हणून नामदेवराव ताडपत्री ओढायला धावले. नाग गंजीखाली होता. शेजारच्या शेतातल्या लोकांनी त्यांना बैलगाडीत घातलं, पण पांदणीत चाकं आऱ्यांपर्यंत रुतली. मग खाट आणली. चौघांनी खांद्यावर घेतली. गुडघ्याएवढ्या चिखलात माणूस पाऊल टाकतो, पाऊल काढतो, आणि खाट तिरपी होते. मी मे महिन्यात जे अंतर घड्याळ बघत सहज चालून गेले होते, त्याला त्यांना एक तासाच्या वर लागला.

दवाखान्यात डॉक्टर होते, सलाईन होतं, श्वास देण्याची पिशवी होती, निर्मलाताई होत्या. फक्त औषध नव्हतं. नामदेवरावांच्या पापण्या तोवर मिटू लागल्या होत्या, जीभ जड झाली होती. गाडी माझ्या हिशेबाप्रमाणे वेळेवर आली. ती पुढे गेली नाही, कारण नाल्याच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं. एका बाजूला गाडी उभी, पलीकडे अमरावतीचा रस्ता, मधे पाणी. गाडीत निर्मलाताई नवऱ्याच्या तोंडावर मास्क धरून पिशवी दाबत होत्या. दाबायची, सोडायची. डॉक्टर म्हणाले, मी घेतो, तुम्ही थकाल. त्या नाही म्हणाल्या. पाणी उतरायच्या आधीच हृदय थांबलं. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावरही त्या बराच वेळ पिशवी दाबत होत्या.

मी दुसऱ्या दिवशी गेले. गावात शिरताना मला वाटत होतं, कुणीतरी मला थांबवावं, शिव्या द्याव्यात. मी कोण ते कुणाला माहीत नव्हतं. अंगणात बायका बसल्या होत्या. मी निर्मलाताईंपाशी जाऊन बसले आणि जे बोलायचं ठरवून आले होते ते बोलले. तुम्ही मला सांगितलं होतं, ताई. मी लिहून घेतलं होतं. मी घातलं नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा सुजला होता, पिशवी दाबून. "मी बी तं सही केली, मॅडम," त्या म्हणाल्या. "दोन कुप्या ठेवून घ्या, असं म्हणता काहून नाई आलं मले?" आणि मग रडल्या, आणि मला रडू दिलं नाही, म्हणजे त्यांनी अडवलं नाही, पण त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नाही, असं मलाच वाटलं.

त्यानंतर जे करायचं ते मी केलं. संस्थेला पत्र लिहून चूक माझी असल्याचं कळवलं. हंगाम संपायच्या आत प्रत्येक छोट्या दवाखान्यात पहिल्या उपचाराला पुरतील इतक्या कुप्या परत गेल्या. परतीच्या पावसाच्या नोंदी मागवल्या; त्या मिळायला फार दिवस लागले नाहीत. पांदणीच्या वेळा आता आम्ही चिखलात मोजतो, विद्यार्थ्यांना घेऊन जातो. मुलं बूट हातात घेऊन चालतात, घसरतात, हसतात. मी त्यांना हसू देते. आता मोर्शीकडचे, अकोल्याकडचे लोकही मला बोलावतात, मॉडेल करून द्या म्हणतात. मी करून देते. दर वेळी आधी तिथल्या सिस्टरना विचारते की तुम्हाला कशाची भीती वाटते, आणि त्या जे सांगतील ते घातल्याशिवाय पुढची ओळ लिहीत नाही. लोक म्हणतात, मॅडमची पद्धत चांगली आहे.

मागच्या हंगामात निर्मलाताईंचा फोन आला होता. त्यांच्या दवाखान्यात कापूस वेचणाऱ्या एका बाईला आणलं होतं. औषध तिथेच दिलं, बाई वाचली. मी म्हटलं, किती चांगलं झालं.

"चांगलं वाटलं, मॅडम. तिचे लेकरं आले होते. चांगलंच वाटलं." मग म्हणाल्या, "अन् मंग घरी येऊन लई वाईट वाटलं. हे कोणाले सांगता येत नाई ना. तुमाले सांगतो." आमच्याकडे बायकाही कधीकधी असं पुरुषासारखं 'सांगतो' म्हणतात. माझी काकूही म्हणायची.

पण या दिवसांत माझ्या डोळ्यांसमोर सारखी येते ती नामदेवराव गेले त्याच वर्षीची, दिवाळी उलटून गेल्यानंतरची एक दुपार. निर्मलाताई एसटीने एकट्याच कॉलेजात आल्या होत्या. स्वेटर तेच, कपाळ मोकळं. मी त्यांना माझ्या प्रयोगशाळेत नेलं. मुलं सुट्टीवर होती, सगळे संगणक बंद होते. त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. त्याच छापल्यासारख्या अक्षरात त्या दिवसाच्या सगळ्या वेळा. चावलं किती वाजता, खाट निघाली किती वाजता, दवाखाना, गाडी, नाला.

"हे टाका त्याच्यात," त्या म्हणाल्या. "अन् कुप्या आमच्या इथंच हायेत असं धरा. मले पाहाचं हाय."

"ताई, कशाला?"

"मले पाहाचं हाय."

मी नाही म्हणायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी संगणक सुरू केला. पाऊस चालू ठेवला. पांदण ओली केली. त्यांच्या कागदावरच्या वेळा एकेक करून भरल्या, आणि दवाखान्यात कुप्या ठेवल्या. मग तो दिवस पुन्हा पुन्हा चालवला. पडद्यावर काही दिसत नाही, नुसत्या ओळी सरकतात. प्रत्येक ओळ म्हणजे तो एक दिवस. निर्मलाताई चष्मा लावून पुढे वाकून बघत होत्या.

"याच्यात ते कुठी हायेत?"

मी बोट ठेवून दाखवलं. या रकान्यात शून्य आलं तर गेले, एक आला तर वाचले.

त्यांनी पुष्कळ वेळ ओळी वाचल्या. आकडा मी इथे लिहिणार नाही. सगळ्याच वेळा वाचत नव्हते. काही वेळा खाटेलाच इतका उशीर होत होता की औषध असूनही जात होते. पण बहुतेक ओळींत एक होता. मी त्यांना तेच सांगितलं. दुसरं काही सांगून माझी सुटका झाली असती, त्यांची कदाचित झाली असती, पण त्या स्वतःच वाचत होत्या.

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"मंग ज्या खेपी ते वाचते," त्यांनी विचारलं, "त्या खेपी घरी कवा येते?"

माझ्या मॉडेलमध्ये घर नव्हतं. औषध मिळून धोका टळला की माणसाच्या नावापुढे एक पडायचा आणि तो यंत्रातून नाहीसा व्हायचा. त्याचं पुढे काय होतं, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी," मी म्हणाले.

"दुसऱ्या दिवशी नाई सोडत, मॅडम. नाग चावल्यावर तीन दिवस तं ठेवतेतच. चवथ्या दिवशी म्हणा."

"चौथ्या दिवशी."

"जेवाच्या टायमाले."

"हो," मी म्हणाले. "जेवायच्या वेळेला."

त्यांनी मान हलवली, कागदाची पहिल्यासारखी घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मग पिशवी काखेत अडकवून एसटी किती वाजता आहे ते विचारलं.